मास्तरांनी मला क्लारनेट दिलं तेव्हा

बँडमध्ये मी खुळखुळा वाजवायचो. वरातीच्या बँडमध्ये पुढं क्लारनेटवाला असतो, मग ट्रम्पेटवाले, मग ढोल, ताशा, आणि सगळ्यात मागं एक माणूस दोन हातात दोन खुळखुळे घेऊन हलवत चालतो. तो नसला तरी बँड वाजतो. तो माणूस मी. शाळेत दुसरीपर्यंत गेलो, तेपण तिथं खायला सुकडी वाटायचे म्हणून. सुकडी बंद झाली तसं माझं शिक्षण पूर्ण झालं. बँडमध्ये पण ढोल दिला तर ठेका चुकला, झांज दिली तर बोट चेमटलं. शेवटी खुळखुळा दिला, कारण त्यात मी चुकलो तरी कुणाला कळायचं नाय.

मास्तरांना मात्र कळायचं. मास्तर म्हणजे आमचे बँडमास्तर. पंचवटीत भाजीबाजाराच्या मागच्या बोळात आमचा गाळा होता, आणि वरती मास्तरांचं घर. मास्तर क्लारनेट वाजवायचे. नवरी निघायच्या वेळी ते जे काही फुंकायचे, त्याला रडला नाय असा वऱ्हाडी मी बघितला नाय. मीपण रडायचो, आणि रडता रडता माझा ठेका जायचा. मग मास्तर फुंकता फुंकताच मान वळवून माझ्याकडं असं बघायचे की रडू आपोआप थांबायचं.

त्यांच्या क्लारनेटला हात लावायची कुणाची हिंमत नव्हती. एकदा गंगापूर रोडला लग्नात सगळे जेवायला बसले होते, तेव्हा मी गुपचूप ते तोंडाला लावून बघितलं. रेड्याला शिंक आल्यासारखा आवाज निघाला. मास्तर हातात जिलबी घेऊन मांडवातून पळत आले आणि त्या जिलबीनंच मला मारलं. "बेण्या, पुन्हा हात लावलास तर खुळखुळ्यात घालून हलवीन तुला!" कोटाला पाक लागला तो पाक त्या कोटाबरोबरच गेला.

नव्वद सालानंतर हळूहळू बँजो आले, मोठे स्पीकर आले, आमच्या सुपाऱ्या कमी झाल्या. पण मास्तरांना बँजोनं नाय हरवलं, दातांनी हरवलं. वरचे पुढचे दात हलायला लागले, मग गेले. क्लारनेट दातावर टेकवून वाजवतात. दात गेले की सूर फाटतो. एका हळदीत त्यांचा सूर फाटला आणि नवरदेवाचे मित्र हसले. मास्तरांनी ते गाणं पूर्ण केलं, क्लारनेट पुसलं, पेटीत ठेवलं, आणि त्यानंतर कुठल्या लग्नाला आले नाहीत. तेव्हा ते सत्तरीच्या आसपास असतील. बायको आधीच गेली होती. घरात मुलगा, सून आणि नातवंडं. मुलगा अंबडच्या कारखान्यात पाळीवर जायचा.

सुरवातीला मास्तर ओट्यावर बसून जाणाऱ्या येणाऱ्याला बोलायचे. मग बोलणं कमी झालं. मग रोज पहाटे उठून गंगेवर, म्हणजे आमच्या गोदावरीच्या घाटावर, जाऊन बसायला लागले. संध्याकाळचं जेवण सोडलं. मटण सोडलं. जन्मभराची तंबाखू सोडली, तीपण एका दिवसात. चहा सोडला तेव्हा तर बोळात चर्चाच झाली, कारण मास्तर आणि चहा म्हणजे एकच गोष्ट होती.

आता आमच्या पंचवटीचं एक आहे. इथं म्हातारा माणूस गप्प बसला, खाणं सोडलं, नदीवर जाऊन पाण्याकडं बघत बसला, तर त्याला कुणी आजारी म्हणत नाय. पोचलेला म्हणतात. "मास्तर सुटले हो संसारातून," असं लोक बोलायला लागले. भाजीवाल्या बाया जाता येता पाया पडायच्या. एक बाई पोराला बारावीच्या परीक्षेआधी घेऊन आली. मास्तरांनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला. पोरगं नापास झालं, तरी कुणाला शंका आली नाय.

मी कुठं शहाणा होतो? मी तर रोज पाया पडायचो. एकदा वाकलो आणि कंबर धरली, उठताच येईना, तर लोकांना वाटलं याची भक्ती जास्त. मी मास्तरांना म्हणलं, "मास्तर, माझी कंबर तेवढी बरी करा." पूर्वी असं बोललो असतो तर लाथ बसली असती आणि कंबर तिथंच सुटली असती. मास्तर नुसते बघत राहिले. मला वाटलं, बघा, राग पण गेला यांचा.

मग त्यांनी वस्तू वाटायला सुरवात केली. घड्याळ नातवाला. बाजाची पेटी भजनी मंडळाला. चांगला काळा कोट ट्रम्पेटवाल्याला. छत्री कुणाला, पानाचा डबा कुणाला. सून सगळ्यांना अभिमानानं सांगायची, "मामांना आता कशाचा मोह राहिला नाय. माझ्या सासूबाईंची पैठणी पण काढून दिली मला, म्हणाले, ठेव, मला कुठं बघायला मिळणार." आम्ही माना हलवल्या. वा वा केलं.

बोळातल्या लोकांनी ठरवलं, असा माणूस आपल्यात आहे तर सत्कार करू. मंदिराच्या सभामंडपात शाल, नारळ, आमच्याच बँडचं वाजवणं. मास्तर खुर्चीवर बसले होते, शाल खांद्यावरून सारखी घसरत होती आणि ते ती सावरत नव्हते. मी दोनदा जाऊन नीट केली. शेवटी त्यांना दोन शब्द बोला म्हणलं तर ते उठले, पायाशी ठेवलेली क्लारनेटची पेटी उचलली, आणि समोर आले. आमच्या बँडमध्ये तेव्हा एक चांगला क्लारनेटवाला होता, मास्तरांनीच शिकवलेला. तो पुढं सरकला पण. मास्तर त्याच्या बाजूनं गेले आणि पेटी माझ्या हातात दिली. मी सगळ्यात जवळ उभा होतो ना, शाल सावरायला.

लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी तर रडलोच. घरी येताना भाजीबाजारातून मुद्दाम लांबच्या रस्त्यानं आलो, सगळ्यांनी पेटी बघावी म्हणून.

बायको भाकरी थापत होती. मी पेटी तिच्यासमोर ठेवली. "बघ. मास्तरांनी मला दिलं."

"तुम्हाला?"

"मला. भर सभेत."

"तुम्हाला काय वाजवायला येतं?"

"ते महत्त्वाचं नाय. भावना महत्त्वाची."

तिनं तव्यावरची भाकरी उलटली पण नाय, करपत राहिली. म्हणाली, "अहो, शुद्धीवरचा माणूस तुम्हाला क्लारनेट देईल का?"

मला राग आला. पंधरा लोकांनी टाळ्या वाजवल्या आणि घरात ही किंमत. म्हणलं, "तुझं काय म्हणणं आहे? मी इतका वाईट आहे का?"

"तुम्ही वाईट नाय हो. तुम्ही बिनकामाचे आहात वाजवायच्या बाबतीत. ते त्यांना माहीत आहे. जिलबीनं मारलं होतं ना त्यांनी तुम्हाला? त्याच माणसाला आता ते कुणाच्या हातात जातंय याचं काही नाय?" मग तिनं तवा खाली उतरवला. "माझ्या बापानं विंचूरला असंच केलं होतं. काही कमी नव्हतं घरात, काही देणं नव्हतं. पण जेवण सोडलं, बोलणं सोडलं. बैलाच्या गळ्यातल्या घुंगरमाळा पण देऊन टाकल्या शेजाऱ्याला, ज्याच्याकडं बैल पण नव्हता. सगळे म्हणाले केवढा मोठ्या मनाचा. आणि एका सकाळी गेला आपल्या हातानं. मग सगळे म्हणाले, बघा, आधीच सगळं आवरून ठेवलं होतं. आवरत होता तेव्हा कुणी विचारलं नाय, बाबा, का आवरतोस?"

लग्नाला आमच्या तेव्हा बरीच वर्षं झाली होती. सासरे गेले एवढं मला माहीत होतं. कसे गेले ते तिनं त्या दिवशी पहिल्यांदा सांगितलं, आणि मी त्या पेटीकडं बघत बसलो. आत क्लारनेट आहे की काय आहे असं वाटायला लागलं.

"मग मी काय करू?" मी विचारलं.

"सरळ विचारा त्यांना."

"असं कसं विचारणार? नसलं मनात तर उगाच डोक्यात यायचं."

"तुमच्या बोलण्यानं आजवर कुणाच्या डोक्यात काय शिरलंय?"



दुसऱ्या दिवशी सकाळी मी गंगेवर गेलो. मला वाटलं होतं हळूच मागं मागं जावं, लांबून लक्ष ठेवावं. पण माझा देह असा की मी लपलो तर खांब लपल्यासारखा दिसतो. मास्तरांनी मागं न बघताच विचारलं, "काय रे, पैंजण घालून आलास का?" किल्ल्यांचा जुडगा माझ्या खिशात वाजत होता.

मी पायरीवर त्यांच्याशेजारी बसलो. पेटी मांडीवर. म्हणलं, "मास्तर, हे परत घ्या. हे माझ्यापाशी शोभत नाय."

"ठेव."

"घरी बायको हसते."

"मग दे कुणाला."

नुसतं एवढंच. मग मी दोन-तीन जोक मारले. एक तर त्यांचाच होता, त्यांनीच मला सांगितलेला. ते पाण्याकडं बघत राहिले. समोर बायका कपडे धूत होत्या, यात्रेकरू नाकं धरून डुबक्या मारत होते, भटजी कुणाचंतरी पिंडदान करत होते. मी लय विचार करून आलो होतो की असं बोलायचं, तसं वळण घ्यायचं. काहीच आठवेना. शेवटी तोंडातून निघालं ते असं निघालं:

"मास्तर, मरायचंय का तुम्हाला?"

बोललो आणि वाटलं, आता पेटी माझ्या डोक्यात बसणार. बसली असती तर बरं झालं असतं. मास्तर माझ्याकडं वळले. त्या दिवसांत कुणाकडं असं सरळ बघितलेलं मी त्यांना बघितलं नव्हतं.

"तुला कुणी सांगितलं?"

"कुणी नाय. बायकोनं ओळखलं. मी तर पाया पडत होतो."

ते परत पाण्याकडं वळले. मग म्हणाले, "सगळेच पाया पडतात. मी काही सोडलं नाय रे. मला काही धरताच येत नाय. जेवतो तर माती लागते तोंडाला. सकाळी डोळा उघडला की छातीवर ढोल ठेवल्यासारखं. लोक म्हणतात मास्तर शांत झाले. शांत कसला, लाकूड झालोय. नातू मांडीवर येऊन बसतो, तर वाटतं हा कुणाचा पोरगा. आणि वर हे लोक हार घालतात. हार घातल्यावर मी कुणाला सांगू की मला बरं नाय?"

"ठरवलंय का काही?"

"ठरवलंय."

आता इथं कुणी शहाणा माणूस असता तर काहीतरी चांगलं बोलला असता. मी म्हणलं, "अहो नातवंडं आहेत, देवानं दिलेला जन्म आहे," तर त्यांचा चेहरा परत बंद व्हायला लागला, दुकानाचं शटर ओढतात तसा. मी घाबरलो. म्हणलं, "मास्तर, चुकलं. मला बोलता येत नाय. मला खुळखुळा पण नीट येत नाय. पण मी इथून उठणार नाय. तुम्ही घरी जाल तिथं येईन, संडासला जाल तर बाहेर बसेन."

"वरात आहे ना तुमची आज?"

"असू दे."

"बँड कसा वाजेल?"

"मास्तर, खरं सांगा."

त्यांच्या तोंडाचा एक कोपरा हलला. हसले असं म्हणता येणार नाय. ऊन वर येईपर्यंत आम्ही तिथंच बसलो. ते मधे मधे बोलत होते, दाताचं, हळदीतल्या त्या हसणाऱ्या पोरांचं, बायकोचं. मी हूं हूं करत होतो. बँड माझ्याशिवाय गेला, आणि संध्याकाळी विचारलं तर ढोलवाला म्हणाला, "तू नव्हतास का?"

उठताना मास्तर म्हणाले, "घरी सांगू नको."

म्हणलं, "सांगणार. माझ्या पोटात गोष्ट राहत नाय हे तुम्हाला माहीत असून तुम्ही मला सांगितलं. म्हणजे सांगायचीच होती."

सुनेला सांगितलं तर ती भडकली. "भाऊ, अहो काय बोलता? अख्खा बोळ त्यांना मानतो आणि तुम्ही त्यांना वेड्यात काढता? तुम्ही सकाळी सकाळी घेऊन तर नाय ना आलात?" माझी कीर्ती अशी असल्यामुळं मी तोंड उघडून वास देऊन दाखवला. मग मी तिला गंगेवर झालेलं बोलणं जसंच्या तसं सांगितलं. ती मधेच खाली बसली. म्हणाली, "पैठणी देताना म्हणाले होते, मला कुठं बघायला मिळणार. मी सगळ्यांना सांगत फिरले ते." पदर तोंडाला लावून ती रडली. मग उठली, मास्तरांच्या खोलीत गेली आणि तिथं जे नसायला पाहिजे होतं ते काढून माझ्या पिशवीत घातलं. "हे तुमच्या घरी न्या, आणि विचारू नका." मी विचारलं नाय. त्या दिवसात मी शहाण्यासारखं वागलो असा तो एकच प्रसंग. मग आम्ही एसटीडी बूथवरून तिच्या नवऱ्याच्या कारखान्यात फोन लावला. तो अर्धी पाळी टाकून आला. बापाजवळ बसला आणि त्यांचे पाय दाबत राहिला.

दुसऱ्या दिवशी मुलगा, मी आणि मास्तर सरकारी दवाखान्यात गेलो, जिथं मनाच्या दुखण्याचे डॉक्टर बसतात तिथं. मुलगा केसपेपर काढायला रांगेत गेला. मी घाबरलो की बडबडतो. मी बाकावर बसून मास्तरांना, शेजारच्याला, त्याच्या शेजारच्याला, भिंतीला, सगळ्यांना काहीतरी सांगत होतो. वॉर्डबॉय आला आणि त्यानं माझाच दंड धरला. "चला काका, तुमचा नंबर. घाबरायचं नाय, इंजेक्शन नाय देत." मी म्हणलं, "अहो मी नाय, हे." तो मास्तरांना म्हणाला, "बाबा, तुम्ही यांना घेऊन आत चला." मास्तर उठले आणि खरंच मला आत घेऊन गेले.

डॉक्टर बाई होत्या, तरुण. त्यांनी आधी मला बाहेर काढलं. मग मास्तरांशी पुष्कळ वेळ बोलल्या. नंतर आम्हाला बोलावून म्हणाल्या, "हा आजार आहे. म्हातारपण म्हणजे हे असं नसतं, वैराग्य पण असं नसतं. गोळ्या सुरू करते, पण फरक पडायला काही आठवडे जातील. तोवर त्यांना एकटं ठेवू नका."

मी म्हणलं, "बाई, मी त्यांना सरळच विचारलं, मरायचंय का. चुकलं का?"

"नाही. विचारल्यानं विचार येत नाही. असला तर बाहेर येतो. पुढंही विचारत जा."

म्हणजे बायको बरोबर होती. घरी जाऊन सांगितलं, तर ती नुसती "हं" म्हणाली आणि कितीतरी वेळ विळी घासत बसली.

आम्ही पाळ्या लावल्या. सकाळी मुलगा किंवा सून, दुपारी मी. सुनेनं बोळात सांगून टाकलं, "मामा आजारी आहेत, पाया पडू नका, आले तर गप्पा मारा." काही लोक नाराज झाले, त्यांचा देव गेला ना. पण काही म्हातारे आले, आणि त्यातला एक जण दुसऱ्याच दिवशी सुनेला हळूच विचारून गेला की त्या डॉक्टर बाई कुठल्या वारी बसतात.

पहिले काही आठवडे काहीच फरक नव्हता. मी दुपारी जाऊन बसायचो, जोक सांगायचो, मास्तर भिंतीकडं तोंड करून पडायचे. एकदा म्हणाले, "तुझे जोक बंद कर. गोळी परवडली." मी बंद केले. मग नुसता बसायचो. नुसतं बसायला मला लय जड जातं, पाय हलतात. पण त्यांना ते बरं वाटत असावं, कारण मी उठलो की ते डोळे उघडायचे. मग एका दुपारी त्यांनी सुनेला हाक मारून चहा मागितला. ती इतकी गडबडली की साखर घालायची विसरली. त्यांनी तो तसाच प्यायला आणि म्हणाले, "माती लागत नाय. पण साखर घाल."

क्लारनेट काही परत आलं नाय त्यांच्याकडं. मुलानं कवळी बसवून दिली, पण कवळीवर तो सूर निघत नाय, निघणार पण नाय, हे त्यांनी स्वतःच सांगितलं. त्यांनीच मला पेटी त्या शिकवलेल्या क्लारनेटवाल्याला द्यायला लावली. या वेळी त्याला समोर बसवून, तोंडात धरायची वेताची पट्टी, म्हणजे रीड, कशी ओली ठेवायची, थंडीत कसं जपायचं, सगळं बडबडत दिली. मला वाईट वाटलं थोडं. चार महिने का होईना, घरात क्लारनेट होतं माझ्या.

पुढं दोन हजार साल उलटून गेलं. आमचा बँड जवळजवळ बंदच झाला, मी भाजीबाजारात हमाली करायला लागलो. मास्तर संध्याकाळी बाजारात येऊन माझ्या पोत्यांवर बसायचे. सगळं काही बरं झालं असं मी सांगणार नाय. मधे मधे त्यांचे दिवस खाली जायचे. मग मी विचारायचो, "मास्तर, काय विचार?" आणि ते म्हणायचे, "आज नाय रे," किंवा "आज जरा येऊन गेला." येऊन गेला म्हणाले की त्या दिवशी मी त्यांना घरापर्यंत सोडायचो आणि सुनेला सांगायचो.

आणि मग श्रावणातली एक सकाळ. मी दारात बसून दाढी करत होतो, अर्ध्या तोंडाला साबण. मास्तर बोळातून एकटेच चालत येताना दिसले. चप्पल उलटसुलट, सदरा चुकीच्या गुंडीत. येऊन समोर उभे राहिले.

"काय झालं मास्तर?"

"परत तसंच होतंय. आठवडाभर झाला. सकाळी उठवत नाय. गोळ्या मीच बंद केल्या होत्या, बरं वाटतंय म्हणून."

मी वस्तरा खाली ठेवला. विचारायचं होतं ते विचारलं. "ठरवलंय का काही?"

"नाय," ते म्हणाले. "अजून नाय. म्हणून तर आलो."

बायको आतून बाहेर आली होती. तिनं माझ्या तोंडावरचा साबण स्वतःच्या पदरानं पुसला आणि म्हणाली, "जा. मी त्यांच्या सुनेला सांगून येते." मी मास्तरांच्या सदऱ्याच्या गुंड्या नीट लावल्या, आणि आम्ही दवाखान्यासाठी रिक्षा बघायला कोपऱ्यावर गेलो.